भेटीची जागा पडद्याला देऊ नका: मंडळीचे पाळक आणि पंचमंडळ यांना खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि पंचमंडळातील सर्व बंधुभगिनींनो,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

यंदाच्या वार्षिक सभेत आपण डिजिटल सेवाकार्याचा ठराव वाचून दाखवला आणि चर्चेला पुरेसा वेळ न देता तो संमत करून घेतला. त्या ठरावाविषयी हे पत्र आहे. त्यानुसार अंथरुणाला खिळलेल्या, वृद्ध आणि दीर्घकाळ आजारी सभासदांच्या नियमित पाळकीय भेटी बंद होणार आहेत आणि त्यांची नावे ‘ऑनलाइन सभासद’ या वेगळ्या यादीत घातली जाणार आहेत. घरी नेऊन दिले जाणारे प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, यापुढे केवळ विशेष विनंती केल्यास मिळेल. प्रार्थनेच्या विनंत्या, मंडळीच्या सूचना आणि अर्पण हे सगळे नव्या ॲपमधून होईल, छापील साप्ताहिक पत्रक थांबेल, आणि भेटींसाठी राखून ठेवलेला प्रवासनिधी कॅमेरे आणि पडदे घेण्यासाठी वापरला जाईल.

या ठरावाबद्दल मी आपल्याला रीतसर लेखी निवेदन दिले होते. त्याची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. त्यामागे आणखी एक कारण आहे. असेच निर्णय इतर अनेक मंडळ्यांतही घेतले जात आहेत, आणि ज्यांच्यावर त्यांचा सर्वांत जास्त परिणाम होतो ती माणसे सभेला येऊ शकत नाहीत, मतदान करू शकत नाहीत आणि बहुतेक वेळा तक्रारही करत नाहीत. त्यांच्या वतीने कोणीतरी सर्वांसमोर बोलणे आवश्यक आहे.

माझा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. २०२० मध्ये उपासनागृहांची दारे बंद झाली तेव्हा आपल्या मंडळीचे थेट प्रक्षेपण सुरू करणाऱ्या गटात मी होते आणि आजही प्रभुवारी, म्हणजे रविवारी, ध्वनिनियंत्रणाच्या टेबलाशी बसते. दुसरीकडे माझी आई त्याच प्रक्षेपणाची प्रेक्षक आहे. ती चालू शकत नाही आणि तिला कमी ऐकू येते. त्यामुळे कॅमेऱ्याच्या मागून काय पाठवले जाते आणि पलंगावर पडलेल्या माणसापर्यंत त्यातले काय पोहोचते, या दोन्ही गोष्टी मी जवळून पाहिल्या आहेत.

तंत्रज्ञानाला विरोध म्हणून हे लिहिलेले नाही, हे आरंभीच स्पष्ट करते. ख्रिस्ती समाजाने नवे साधन हाती घेण्यात कधी फार संकोच केलेला नाही. इ.स. १४५५ च्या सुमारास गुटेनबर्गने छापलेला पहिला मोठा ग्रंथ बायबल हाच होता. २ जानेवारी १९२१ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधली उपासना केडीकेए या नभोवाणी केंद्राने प्रसारित केली, तेव्हा नियमित नभोवाणीला जेमतेम दोन महिने झाले होते. त्या उपासनेत तंत्रज्ञांकडे लोकांचे लक्ष जाऊ नये म्हणून त्यांना गायकवृंदाचे झगे घालून बसवले होते, असे सांगतात, आणि टेबलाशी बसणाऱ्या मला तो तपशील फार जवळचा वाटतो. दहा वर्षांनी, १२ फेब्रुवारी १९३१ रोजी, मार्कोनीने उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओवरून पोप अकरावे पायस जगाशी बोलले. या प्रत्येक वेळी उद्देश एकच होता, जिथे आवाज पोहोचत नव्हता तिथे तो पोहोचवणे. आपल्या ठरावाचा उद्देश याच्या उलट आहे. जिथे माणूस पोहोचत होता तिथे आता केवळ आवाज पाठवायचा, असे त्यात ठरले आहे.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार भेटी बंद करण्याविषयी आहे. ठरावात भेटी बंद करण्याचे समर्थन असे केले आहे की, आता प्रत्येक सभासदाला घरबसल्या उपासना उपलब्ध असल्यामुळे भेटींची गरज उरलेली नाही. यात उपासना पाहणे आणि आपली कोणीतरी विचारपूस करणे या दोन गोष्टी एकच मानल्या आहेत. पाळकाचे काम उपदेशापुरते असते, तर हे समर्थन मान्य करता आले असते. परंतु योहानाच्या शुभवर्तमानातील मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, आणि नावाने हाक मारायची तर कोण आले आणि कोण आले नाही हे त्याला ठाऊक असावे लागते. प्रक्षेपण करणाऱ्याला हे कळत नाही. माझ्यासमोरच्या पडद्यावर एक संख्या दिसते. त्या संख्येत कोणाचा चेहरा नसतो, कोणाचा ताप नसतो, कोणाच्या घरातले मृत्यूनंतरचे एकटेपण नसते. एखादी वृद्ध सभासद सलग काही आठवडे प्रक्षेपण पाहत नसेल, तर आपल्या यंत्रणेत कोणालाही त्याची जाणीव होत नाही. पूर्वी भेटीला जाणाऱ्या भगिनींना दार उघडायला लागलेल्या वेळावरूनही कळायचे की, या घरात काहीतरी बिनसले आहे.

नव्या करारातील पत्रे हे त्या काळाचे दूरसंपर्काचे साधन होते, आणि पौलाने ते जितक्या परिणामकारकपणे वापरले तितके क्वचितच कोणी वापरले असेल. तरीही त्या पत्रांबरोबर माणूस जात असे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी, ते पत्र घेऊन गेली असे मानले जाते त्या फिबीची शिफारस आहे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात तुखिकाविषयी स्पष्ट म्हटले आहे की, त्याने माझी सगळी हकिगत तुम्हांला सांगावी आणि तुमच्या मनाचे समाधान करावे म्हणून मी त्याला पाठवत आहे. म्हणजे लिहिलेला मजकूर पुरेसा नाही, समाधान करायला माणूस लागतो, हे पत्रलेखकाला माहीत होते. थेस्सलनीकाच्या मंडळीकडे त्याला स्वतःला जाता येईना तेव्हा त्याने तीमथ्याला धाडले, आणि तरीही तुमचे मुख पाहायला मिळावे म्हणून रात्रंदिवस प्रार्थना करतो असे लिहिले. योहानाच्या दुसऱ्या पत्राचा शेवट तर याहून उघड आहे. पुष्कळ लिहायचे असूनही कागद आणि शाई यांऐवजी समक्ष येऊन बोलण्याची आशा त्यात व्यक्त केली आहे. साधन हाताशी असताना त्याची मर्यादा ओळखण्याची ही दृष्टी आपल्या ठरावात मला कुठेच आढळली नाही.

प्रभुभोजनाविषयीचे कलम मला सर्वांत जास्त खटकले. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रोमी सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती उपासनेचे जे वर्णन लिहिले, त्यात प्रभुवारच्या सभेनंतर जे गैरहजर आहेत त्यांच्याकडे भाकर आणि द्राक्षारसाचा वाटा सेवकांच्या हाती पाठवला जातो असे नमूद आहे. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या त्या मंडळीकडे ना वाहने होती ना दूरध्वनी, शिवाय छळाचे भयही होते, आणि तरीही गैरहजर माणसाचा वाटा त्याच्या घरी जात होता. त्यासाठी त्याला विशेष विनंती करावी लागत असल्याचा उल्लेख त्यात नाही. विनंतीची अट घातली की काय होते, ते आपण जाणता. संकोची माणूस विनंती करत नाही. ज्याला स्मृतिभ्रंश झाला आहे तो विनंती करू शकत नाही. ज्याच्या घरचे लोक श्रद्धेपासून दुरावले आहेत त्याची विनंती कोणी आपल्यापर्यंत पोहोचवत नाही. म्हणजे ज्याला गरज सर्वाधिक, तोच आधी गळणार.

पडद्यासमोर आपापल्या घरी भाकर घेऊन बसावे की नाही, याविषयी निरनिराळ्या परंपरांची मते वेगवेगळी आहेत. रोमन कॅथलिक चर्चच्या सामाजिक संपर्कविषयक परिषदेने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात इंटरनेटवर संस्कार होत नाहीत असे निःसंदिग्धपणे म्हटले आहे, तर काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी २०२० मध्ये घरोघरी भाकर मोडण्यास मुभा दिली. या ईश्वरविज्ञानविषयक वादाचा निकाल लावण्याचा अधिकार मला नाही आणि या पत्राचा तो हेतूही नाही. मात्र जे पाळक पूर्वी घरी येत होते त्यांनी येणे थांबवून त्याऐवजी पडद्याकडे बोट दाखवावे, याला कोणत्याही परंपरेचा आधार मला सापडलेला नाही.

याकोबाच्या पत्रातील सूचना तर आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. कोणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे आणि त्यांनी त्याच्यावर तेल लावून प्रार्थना करावी. यातले तेल लावणे दुरून होत नाही.

दुसरी तक्रार आकड्यांविषयी आहे. वार्षिक अहवालात प्रक्षेपणाच्या ‘व्ह्यूज’ची बेरीज उपस्थिती म्हणून दाखवली आहे आणि तिच्या आधारावर मंडळी वाढत असल्याचा निष्कर्ष काढला आहे. हा निष्कर्ष टिकणारा नाही. फेसबुकवर एखादी चित्रफीत काही क्षण चालली तरी ती पाहिली गेली असे मोजले जाते. बोट सरकवता सरकवता क्षणभर थांबलेला अनोळखी माणूस आणि डोक्यावर पदर घेऊन तासभर हात जोडून बसलेली आजी हे त्या मोजणीत सारखेच असतात. उलट एका फोनसमोर पाच जणांचे कुटुंब बसले असेल तर ते एकच धरले जाते. एकाच वेळी जास्तीत जास्त किती जण जोडलेले होते आणि सरासरी किती मिनिटे पाहिले गेले, ही माहिती त्याच पानावर उपलब्ध असते आणि ती मी दरमहा गटाच्या अहवालात देत आले आहे. सरासरी वेळ उपदेश सुरू होण्यापर्यंतही पोहोचत नाही. ही माहिती वार्षिक अहवालात का आली नाही, याचे उत्तर सभासदांना मिळाले पाहिजे, कारण भेटींचा निधी वळवण्याचा निर्णय याच बेरजेवर आधारलेला आहे.

तिसरी तक्रार प्रार्थनेच्या विनंत्यांची आहे. आतापर्यंत कोणाच्या आजाराविषयी, कोणाच्या घरातल्या कलहाविषयी किंवा व्यसनाविषयी पाळकांशी किंवा भेटीला येणाऱ्या भगिनींशी खाजगीत बोलता येत होते. आता त्या विनंत्या ॲपमध्ये लिहायच्या आहेत, तिथून त्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटात टाकल्या जातात, आणि त्या गटात शेकडो सभासद आहेत. त्या गटातल्या कोणालाही इतर सर्वांचे फोन क्रमांक दिसतात आणि कोणताही संदेश एका स्पर्शाने बाहेर पाठवता येतो. आपल्या मंडळीतील एका कुटुंबाच्या मुलीचे निदान अशाच रीतीने रुग्णालयाच्या नावासह तिच्या कार्यालयापर्यंत पोहोचले. त्या कुटुंबाच्या संमतीने मी हे लिहीत आहे. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता हे मला मान्य आहे, परंतु हेतू चांगला असल्याने त्या मुलीची अडचण कमी झाली नाही. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या माहितीसंरक्षण नियमांच्या नवव्या कलमात धर्मश्रद्धा आणि आरोग्य या दोन्हींना विशेष संरक्षण आवश्यक असलेली माहिती मानले आहे. प्रार्थनेच्या एका विनंतीत या दोन्ही गोष्टी एकत्र असतात. कायदा कुठला लागू आहे हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी पाळकाच्या कानात सांगितलेली गोष्ट पाळकापाशीच राहते हा विश्वास मंडळीने शतकानुशतके जपला आहे. तो ॲपच्या सोयीसाठी मोडता कामा नये.

ॲपमधील ही माहिती कोणाच्या संगणकावर साठवली जाते, ती कोण वाचू शकतो, सभासद मंडळी सोडून गेला तर ती पुसली जाते का, आणि ॲप बनवणाऱ्या कंपनीशी झालेल्या करारात याविषयी काय लिहिले आहे, हे प्रश्न मी निवेदनात विचारले होते. अर्पणाचा तपशीलही त्याच खात्यात जोडलेला आहे. कोण किती देतो आणि कोण कशासाठी रडतो, हे एकाच पडद्यावर एकाच माणसाला दिसावे, अशी रचना कोणत्याही मंडळीने स्वीकारू नये.

चौथी गोष्ट कृत्रिम बुद्धिमत्तेची. रोज सकाळी पाळकसाहेबांच्या नावाने आणि छायाचित्रासह येणारे चिंतन गेले काही महिने संगणकाकडून लिहून घेतले जाते, हे प्रक्षेपण गटातील सर्वांना माहीत आहे आणि मंडळीतील जवळजवळ कोणालाच माहीत नाही. अशा साधनांचा वापर करूच नये, असे मी म्हणत नाही. जून २०२३ मध्ये जर्मनीतील फ्युर्थ शहरात प्रॉटेस्टंट मेळाव्याच्या वेळी चॅटजीपीटीकडून रचून घेतलेली एक संपूर्ण उपासना पडद्यावरील आभासी व्यक्तींनी चालवली आणि तीनशेहून अधिक लोक तिला उपस्थित होते. पण तो प्रयोग आहे हे प्रत्येकाला आधी सांगितलेले होते. त्याउलट एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील कॅथलिक आन्सर्स या संस्थेने प्रश्नांना उत्तरे देणारे एक आभासी पात्र धर्मगुरूच्या वेशात सादर केले, तेव्हा श्रद्धावंतांनी इतकी नापसंती दर्शवली की, काही दिवसांतच त्या पात्राचा धर्मगुरूचा वेश आणि पदवी काढून घ्यावी लागली. लोकांना यंत्राचा राग आला नव्हता. ज्याला दीक्षा नाही, ज्याच्यावर कोणाची जबाबदारी नाही, त्याने पाळकाच्या नावाने बोलावे हे त्यांना मान्य नव्हते.

माझी आई ती चिंतने जपून ठेवते. पाळकांनी आज सकाळी आपल्यासाठी वेळ काढून हे लिहिले, असे समजून शेजारणीला वाचून दाखवते. मी तिला खरे सांगितलेले नाही, कारण ते सांगण्याचे काम माझे नाही, आपले आहे.

तंत्राच्या बाबतीतल्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत, कारण ज्या यंत्रणेच्या भरवशावर आपण भेटी थांबवत आहात ती यंत्रणा घरच्या माणसाचा विचार करून बनवलेलीच नाही. मायक्रोफोन व्यासपीठावर आणि वाद्यांपाशी आहेत, सभागृहात एकही नाही. त्यामुळे घरी बसलेल्याला एक गायक आणि एक वाद्य ऐकू येते आणि शेकडो लोकांचे गाणे त्याच्या कानी पडतच नाही. आपण एकटे नाही हे त्याला ज्या आवाजातून कळले असते, नेमका तोच आवाज गाळला जातो. सभागृहाचा आवाज टिपणारे दोन मायक्रोफोन बसवा, ही मागणी गटाने पूर्वीच केली होती, परंतु तिच्याआधी व्यासपीठामागचा मोठा पडदा आला. मध्यस्थीच्या प्रार्थनेच्या वेळी ‘घरी असलेल्यांनी आपली विनंती लिहावी’ असे सांगून पाळकसाहेब काही सेकंद थांबतात. प्रक्षेपण प्रत्यक्ष उपासनेच्या मागे वीस-तीस सेकंद चालते, त्यामुळे घरच्या माणसाला ते आवाहन ऐकू येईपर्यंत इथली प्रार्थना संपत आलेली असते. कापऱ्या बोटांनी लिहिलेली त्याची विनंती उमटते तेव्हा सभागृहात पुढचे गीत सुरू असते. हे दर प्रभुवारी माझ्या डोळ्यांदेखत होते. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी उपशीर्षके नाहीत, वचने पडद्यावर दाखवताना फिक्या पार्श्वभूमीवर फिकी अक्षरे असतात, आणि उपदेशाची लेखी प्रत मागितली तर ती ॲपमध्ये आहे असे उत्तर मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना उपचाराची किंवा साहाय्याची गरज पडावी इतके कमी ऐकू येते. घरी राहणाऱ्या वृद्ध सभासदांमध्ये त्यांचे प्रमाण कमी असण्याचे काहीच कारण नाही.

शिवाय ज्यांच्याकडे इंटरनेटच नाही त्यांचे काय, या प्रश्नाला ठरावात एका ओळीचेही उत्तर नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ मधील अंदाजानुसार जगातील सुमारे २६० कोटी लोक, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश मानवजात, तेव्हा इंटरनेटचा वापर करत नव्हती. चर्च ऑफ इंग्लंडने एप्रिल २०२० मध्ये ‘डेली होप’ ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली ती याच लोकांसाठी होती. साध्या फोनवरून क्रमांक फिरवला की प्रार्थना, वचन आणि गीत ऐकू यावे, एवढीच ती सोय. तंत्रज्ञान कोणासाठी वापरायचे हे आधी ठरवले की मग कोणते वापरायचे ते आपोआप सुचते. आपण क्रम उलटा केला, त्यामुळे छापील पत्रक बंद झाले आणि ॲप आले.

लहान मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीविना मंडळीच्या पानावर टाकणे, आणि मंडळीच्या सगळ्या खात्यांचे संकेतशब्द एकाच कार्यकर्त्यापाशी असणे, या दोन गोष्टींविषयी गटाने पूर्वीच लिहून दिले आहे. त्यावर वेगळे सांगण्यासारखे काही नाही, ते ताबडतोब थांबवावे.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात अगदी आरंभीच्या मंडळीतील एक तक्रार नोंदलेली आहे. रोजच्या अन्नवाटणीत हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या, विधवांची उपेक्षा होत होती. प्रेषितांना वचनाची सेवा सोडून वाटणी पाहणे शक्य नव्हते, आणि तसे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. आपल्या पाळकांवरही कामाचा किती भार आहे, हे मी पाहते, आणि एका माणसाने इतक्या घरी जावे अशी अपेक्षा कोणीही ठेवत नाही. पण प्रेषितांनी त्या विधवांची नावे वेगळ्या यादीत घालून वाटणी बंद केली नाही. त्यांनी तक्रार सर्वांसमोर घेतली, सात माणसे निवडली आणि हे काम त्यांच्यावर सोपवले. मनुष्यबळ अपुरे पडले तेव्हा मंडळीने माणसे वाढवली. आपल्यालाही हाच मार्ग मोकळा आहे, आणि त्यात तंत्रज्ञानाची फार मोठी मदत होऊ शकते. कोणाकडे कोण गेले, कोणाकडे कित्येक आठवड्यांत कोणी गेलेले नाही, कोणाची शस्त्रक्रिया कधी आहे, कोणाच्या पतीच्या मृत्यूला या महिन्यात वर्ष होते, याची नोंद ठेवणारी साधी तक्ता-प्रणाली आमचा गट विनामूल्य करून देऊ शकतो. प्रक्षेपणाच्या वेळी घरच्या सभासदाच्या शेजारी बसायला एखादा तरुण गेला, त्याने फोन लावून दिला, आवाज नीट केला, गीतपुस्तक उघडून दिले आणि त्यांच्याबरोबर गायला, तर तेच प्रक्षेपण खरी उपासना होईल. माणूस पाठवण्यासाठी साधन वापरा, एवढेच माझे म्हणणे आहे.

यास्तव मी पुढील मागण्या करत आहे.

भेटी आणि घरचे प्रभुभोजन बंद करणारी कलमे तत्काळ स्थगित करावीत, आणि संपूर्ण ठराव फेरविचारासाठी विशेष सभेपुढे ठेवावा. जे सभासद सभेला येऊ शकत नाहीत त्यांचे मत त्याआधी त्यांच्या घरी जाऊन लेखी घ्यावे. ‘ऑनलाइन सभासद’ ही वेगळी यादी रद्द करावी, कारण मंडळीत सभासदांचे दोन प्रकार नाहीत. भेटींसाठी पंच, महिला मंडळ आणि तरुण संघ यांतून प्रशिक्षित गट नेमावा आणि घरचे प्रभुभोजन विनंतीची वाट न पाहता ठरलेल्या वेळी द्यावे.

प्रवासनिधी पूर्ववत करावा. कॅमेरे आणि पडदे यांवर झालेला खर्च, तसेच ॲपच्या कंपनीशी झालेला करार, सभासदांना वाचायला मिळावा.

प्रार्थनेच्या विनंत्या गटात टाकणे आजपासून थांबवावे. त्या पाळक आणि नेमलेले दोन-तीन विश्वासू सभासद यांच्यापुरत्याच राहाव्यात, आणि कोणतीही विनंती व्यापक प्रार्थनेसाठी सांगायची तर संबंधित व्यक्तीची संमती घ्यावी. अर्पणाच्या नोंदी त्यापासून पूर्णपणे वेगळ्या ठेवाव्यात.

पाळकांच्या नावाने जाणारे चिंतन पाळकांनीच लिहावे. रोज लिहिणे जमत नसेल तर आठवड्यातून एकदा लिहावे, चार ओळी लिहाव्यात. यंत्राच्या साहाय्याने तयार केलेला मजकूर पाठवायचाच असेल तर तसे त्यावर ठळकपणे नमूद करावे, आणि आतापर्यंत पाठवलेल्या चिंतनांविषयी मंडळीला खरे काय ते सांगावे.

छापील पत्रक पुन्हा सुरू करावे, इंटरनेट नसलेल्यांसाठी साध्या फोनवर उपदेश ऐकण्याची सोय करावी, सभागृहात मायक्रोफोन बसवावेत, उपशीर्षके द्यावीत, आणि मध्यस्थीच्या प्रार्थनेत घरून आलेल्या विनंत्या वाचून होईपर्यंत थांबावे. यातल्या तांत्रिक कामांची जबाबदारी प्रक्षेपण गटाच्या वतीने मी घेते. त्यासाठी लागणाऱ्या साहित्याची यादी आणि अंदाजपत्रक आपल्या कार्यालयात दिलेले आहे.

या पत्राचे उत्तर आपण पुढील महिन्याच्या प्रभुभोजनाच्या उपासनेपूर्वी मंडळीसमोर द्यावे, ही विनंती. तोपर्यंत आणि त्यानंतरही मी माझे प्रभुवारचे काम सोडणार नाही. भेटींच्या गटासाठी माझ्यासह आणखी काही सभासदांनी आपली नावे लिहून दिली आहेत. ती यादी या पत्राच्या प्रतीसोबत पंचमंडळाच्या सचिवांकडे सुपूर्द केली आहे, आणि ज्या घरी गेल्या वार्षिक सभेनंतर कोणीही गेलेले नाही त्या घरांची नावेही बंद लिफाफ्यात तिच्यासोबत आहेत.

आपली नम्र,
मंडळीची एक सभासद आणि प्रक्षेपण गटातील कार्यकर्ती